आजीचं पाणी

१९७३ च्या मार्च महिन्यात रिसोडला आमच्या वस्तीतल्या आटलेल्या विहिरीला पाणी लागलं आणि माझ्यामुळे ते परत गेलं. पण असं काही झालंच नाही, असं धरून पुढे वाचा. वस्ती तसंच धरून चालते.

मी नववीत. शाळेच्या फरशीवर माझी पावलं ओली उमटायची, तीही दुष्काळात. माझे कपडे ओले झाले समजून पोरी विचारायच्या, "बेबी, घरी जाऊन येतं काय वं?" मी जाऊन यायची. खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं.

बाबा, म्हणजे ग्यानबा, तहसील कचेरीत शिपाई. छप्पन साली धम्म घेतला त्याच आठवड्यात त्यांनी घरातल्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात बायांचे शेंदरी गोटे, पोत्यात भरून विहिरीत सोडले. हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. सहा गोटे घरचे. सातवा माय लग्नात माहेराहून घेऊन आली होती.

गाळ काढायला मी आणि माय खाली उतरलो. गोटे सापडले. सातव्यावर माझा पाय पडला आणि बुडातून पाणी वर आलं, घोट्यापर्यंत.

"काहून वं, इतके वर्षं लागले तुले?" गोटा म्हणाला. "मी आसरा आहो. तुही आजी, तुह्या मायची माय."

मी मायकडे पाहिलं. तिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं नाही.

"बाबाले काहून नाही सांगितलं?" मी तिला विचारलं.

"काय सांगू? तुमच्या सासूले पोत्यात भरून बुडवलं म्हनून? आसरा काही बुडत नाही. मंग कायले भांडण."

"वरते जाऊन इतकंच सांग," आजी म्हणाली, "पाणी माह्या आजीचं आहे. मंग मी राह्यतो. नाही सांगितलं तर जातो."

मी एकटीच वर चढून आले. काठावर चाळीस बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यापुढे बाबा, पाहुण्यांसमोर असतो तोच चेहरा करून.

शेजारच्या नानीबाईंनी माझे पाय पाहिले. "पोरी, पाणी लागलं काय? कोठून आलं?"

मी बाबांकडे पाहिलं.

"घाम आहे," मी म्हणाले.

सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं. खाली कुणीतरी मोठा घोट गिळल्यासारखा आवाज झाला. मग चाळीस बाया टँकरच्या रांगेकडे वळल्या. माय वर आली आणि माझ्याकडे न पाहता घरी गेली.

तेव्हापासून माझी पावलं कोरडी आहेत. शाळेत आता कुणी काही विचारत नाही.

मा. तहसीलदारसाहेब, रिसोड, यांस: अर्जदार बेबी ग्यानबा, इयत्ता नववी, विनंती करते की, विहिरीच्या काठावर नानीबाईंनी विचारलेला प्रश्न त्याच चाळीस बायांसमोर, वडील हजर असताना, अर्जदारास पुन्हा एकदा विचारण्यात यावा.