चांगले ढग

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मनात एक डोंगर उभा करा. पश्चिमेकडून काळे ढग येताहेत. तुमच्याकडे चांदीच्या क्षाराची बारीक भुकटी आहे. ती ढगात सोडली की बर्फ जास्त पडतो, असं म्हणतात. तुम्ही सोडली, बर्फ पडलाही. आता सांगा, तो भुकटीमुळे पडला, की नाहीतरी पडणारच होता?

सिडनीजवळच्या स्कोफिल्ड्समध्ये राहणाऱ्या कौमुदीचं डोकं याच प्रश्नाने उठलं होतं. पुढच्या हिवाळ्यात स्नोई माउंटन्समध्ये जाऊन तिला हेच तपासायचं होतं. तिची योजना तपासणाऱ्या तज्ज्ञांनी दोनदा परत पाठवली होती. आज संध्याकाळपर्यंत ती सुधारून गेली नाही, तर अख्खा हिवाळा हातचा जाणार होता. आणि त्यावर सही हवी होती तिच्याबरोबर काम करणाऱ्या प्रतापची.

तिचं म्हणणं साधं होतं. ढग आला की नाणं उडवायचं. छापा पडला तर भुकटी सोडायची, काटा पडला तर ढगाला तसंच जाऊ द्यायचं. बर्फ मोजणाऱ्यांना मात्र यातलं काही सांगायचं नाही. प्रताप सकाळपासून व्हिडिओ कॉलवर अडून बसला होता. दाट ढगांवर भुकटी सोडू, उरलेसुरले तुलनेला ठेवू, हे त्याचं पालुपद.

"चांगला ढग समोर असताना सोडून द्यायचा? वेड लागलंय का तुला?"

कौमुदीने हातातलं पेन टेबलावर आपटलं.

तेवढ्यात तिची आठ वर्षांची मंजिरी आइस्क्रीमचे दोन डबे घेऊन आली. दोन्हींत मेथी पेरलेली. एकाला ती रोज उरलेला चहा घालायची, दुसऱ्याला नुसतं पाणी. चहाची मेथी बोटभर झाली होती, पाण्याची मरगळलेली.

"टी वर्क्स, आई."

चहा याच डब्याला का, असं कौमुदीने विचारलं.

"कारण तो आधीपासूनच बेस्ट होता."

समजावून सांगायचं त्राण कौमुदीत उरलं नव्हतं. तिने फोन मंजिरीकडे वळवला. "प्रताप, हिला तूच सांग."

प्रताप उत्साहाने सांगू लागला, की बेटा, तो डबा आधीच चांगला होता, मग चहाने काय केलं ते कळणार कसं... आणि मध्येच थांबला. "ढगांचं वेगळं असतं," तो पुटपुटला.

"वेगळं कसं, काका?"

शेवटी प्रताप कागद पाठव म्हणाला. सही करतो, पण एक जरी चांगला ढग वाया गेला, तरी हिवाळाभर ऐकवीन.

"ऐकव," कौमुदी म्हणाली. आनंद व्हायला हवा होता, पण ती नुसतीच थकली होती.

मंजिरीने दोन्ही डब्यांत नवी मेथी पेरली. आवडत्या डब्यावर तिचं घोड्याचं स्टिकर होतं. सकाळपासून आईच्या तोंडून ऐकत होती, तसं नाणं उडवलं. चहा दुसऱ्या डब्याच्या वाट्याला आला. तिने ओठ काढले. मग आईला किचनबाहेर जायला सांगितलं, मुकाट्याने दुसऱ्या डब्यात चहा ओतला, आणि मेथी मोजणार होती आई, तिला डबा ओळखू येऊ नये म्हणून घोड्याचं स्टिकर हळूच सोलून डब्याच्या बुडाला चिकटवलं.