दोघींचा बाक

दौतीच्या काठाला भाताचं एक तूस चिकटलं होतं. बंगाल-नागपूर रेल्वेच्या रुळांपलीकडच्या गिरणीतून उडत आलेलं असणार — गोंदियात शाळा काय, देऊळ काय, तूस शिरलं नाही अशी जागाच नाही — आणि रुख्मा ते टाकाच्या टोकानं काढत बसली होती. तेवढीच मान खाली ठेवायला सबब. शेजारी शामकला फळ्यावरचा भूमितीचा सिद्धान्त भराभर उतरवून घेत होती.

साऱ्या हायस्कुलात मुली या दोनच. शालीकराम मास्तर वर्गावर निघाले की ऑफिसालगतच्या खोलीतून दोघींनी त्यांच्या मागोमाग यायचं, त्यांच्या टेबलाशेजारी आडव्या टाकलेल्या बाकावर बसायचं आणि तास संपला की पुन्हा त्यांच्याच मागोमाग परतायचं. शामकलेचे वडील भैयाजी, तांदळाचे व्यापारी. शाळेत घालायच्या आधी ते रुख्माच्या बाबांना स्पष्ट म्हणाले होते, "बिसरामजी, तुमची पोरगी जाईन तर माही जाईन. एकटीले नाही धाडत मी." म्हणजे दोघी, नाहीतर कुणीच नाही. रुख्माला हे पक्कं ठाऊक होतं. परवाही ठाऊक होतं... तेच तर सलत होतं.

परवा आई चुलीपुढे भाजी चिरता चिरता म्हणाली होती, "केशोरीचे पावने तुले पाहाले येतो म्हनून राहिले. तुहे बाबा म्हनतेत, पोरीले मॅट्रिक होऊ द्या. तू सांग, काय कळवू? हो म्हनशीन तं शाळा सुटन."

असं मुलीला कोण विचारतं? शामकलेला तर कुणीच विचारलं नसतं. आणि त्या घटकेला रुख्माच्या डोळ्यांपुढे ना केशोरी आली, ना तिथला कोण तो मुलगा — आली ती शामकला, घरात बसून तांदूळ निवडणारी शामकला, जिला आता कुणी शाबास म्हणत नाही, जिच्याकडून माझ्याकडे वळताना मास्तरांची नजर आता विझत नाही... आणि बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की "येऊ दे त्याईले" हे तोंडून कधी निघालं ते कळलंसुद्धा नाही. आईनं विळीवरचा हात थांबवून एकदा तिच्याकडे पाहिलं होतं, बस्स.

"रुख्मा, पुढची पायरी?" मास्तरांनी विचारलं. ती उभी राहिली. शामकलेनं आपली वही हळूच तिच्याकडे सरकवली, रोजच्यासारखी. रुख्मानं वाचून दाखवलं. आज तरी सरकवायची नव्हती हिनं, असं तिच्या मनात आलं, आणि स्वतःचीच किळस वाटली.

मधल्या सुट्टीत खोलीत दोघीच होत्या. बाहेर पोरं हिंदीत भांडत होती. खालमानेनं रुख्मानं सांगून टाकलं, "उद्यापासून मी नाही येत. केशोरीचे पावने येऊन राहिले."

शामकलेनं हातातली वही मिटली. आपलीही शाळा सुटली, हे तिला कळलं असणारच. पण बोलली ती भलतंच. "रडू नोको वो. तुही काय चूक त्याच्यात?"

रुख्मा रडत नव्हती. आता मात्र रडू फुटलं.

"मी सांगीन आमच्या बाबाले," शामकला म्हणाली. "ते येतीन तुह्या घरी. हात जोडतीन बिसरामकाकाले."

"नोको."

"काऊन नोको?"

एका वाक्याचं काम होतं. मीच हो म्हटलं. मला कुणी अडवलं नव्हतं. वाक्य जिभेवर येऊन बसलं होतं, आणि शामकला तिच्या तोंडाकडे बघत होती, इतक्या मायेनं की...

"आमचे बाबा नाही आयकत कोनाचं," रुख्मा म्हणाली.

शामकलेनं तिला जवळ घेतलं, पदरानं तिचे डोळे पुसले. रुख्मानं पुसू दिले. हुंदके थांबेनात, आणि ते खोटे नव्हते. रडता रडता तिला बाबांचा खरोखरच राग येऊ लागला होता.