दारातली गर्दी

टण्ण! शांत स्वयंपाकघरात चमचा आपटला.

"आठवत नाही मला!" पाच वर्षांची भिंगरी किंचाळली. पाठ असलेलं गाणं अर्ध्यावरच अडलं होतं.

"गाणं गिळलंस की काय गं?" ताई हसली. आई मात्र हसली नाही.

मित्रांनो, मी त्याच भिंगरीच्या मेंदूत राहतो. तिथल्या एका पेशीच्या भिंतीतला मी एक जुना फिरता दरवाजा आहे. जुना म्हणजे काही दिवसांचा. आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं.

खाल्लेल्या प्रथिनांचे सुटे मणी होतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ते मी आत घेतो, पण फुकट नाही. एक बाहेर दिला, तरच दुसरा आत. द्यायचा मणी माझी शेजारीण, म्हणजे याच भिंतीतली दुसरी वाट, पुरवते. मीठ आत धाव घेतं, त्या धक्क्यासरशी ती ग्लुटामिन नावाचा मणी ओढून आणते. तो मी बाहेर सोडतो आणि बदल्यात दुसरा घेतो. ती नसेल तर माझे हात रिकामेच.

भिंगरीच्या शरीराला मात्र फेनिलॲलनिन नावाचा मणी नीट मोडता येत नाही. म्हणून अंडं, दूध तिला बंद. आई घासन्‌घास तोलून देते. तरीही हल्ली त्याच मण्याची झुंड माझ्या दारात! मला निवड करता येत नाही हो. पुढे घुसेल तो आत. बाकीचे बिचारे बाहेर ताटकळत. शेजारीण राबतेय, मी गरगरतोय, आणि पेशी उपाशीच; म्हणून तर गाणं अडलं. असंच चाललं तर भिंगरीचं काय होईल, या विचारानं माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. "तपासणीत आलंय, रक्तात फेनिलॲलनिन फार वाढलंय. काय खातेय ती?"

"अहो, सगळं मोजून देते मी!" आई म्हणाली.

ताईनं फ्रॉकचं टोक चुरगाळलं. "आई... मी रोज माझं अर्धं अंडं देते तिला. इतकी आशेनं बघते ना ती."

आईनं ते फोनवर सांगितलं.

"कळलं ते बरं झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजच बंद करा. गर्दी ओसरेल."

ओसरेल तेव्हा माझ्या जागी नवा दरवाजा असेल. मित्रांनो, त्याच्यासाठी एवढं करा. कुणाला प्रेमानं घास द्याल, तर आधी घरच्यांना विचारा.

आईनं दोघींना कुशीत ओढलं. ताईनं डोळे पुसले.

"तूच म्हणतेस ना, वाटून खावं? मग आता तिच्यासमोर मी एकटीनंच खायचं का गं, आई?"