हातभर आखूड

मी एक जुनं टेबल आहे. मित्रांनो, हल्ली माझा मुक्काम संग्रहालयात असतो आणि माझ्यापाशी एकच खुर्ची ठेवलेली आहे. ‘या टेबलावर एका माणसाने देश घडवला,’ असं इथला गाईड सांगतो आणि तुम्ही माना डोलावता. मला मान असती तर मी ती नकारार्थी हलवली असती.

मला एका सुताराने घडवलं. त्याची थोरली बहीण शिक्षिका होती. परक्या राजवटीने तिची शाळा बंद पाडली, तेव्हा त्या शाळेची दारं उतरवून त्याने मला केलं. पुढे ती राजवट उलथली आणि ज्या नऊ जणांनी नव्या देशाची घटना लिहिली, ते माझ्याभोवती बसू लागले. त्यात वकील होते, डॉक्टर होते, कवी होता, लढाई जिंकून आलेला कप्तान होता आणि ही ताईही होती. काय भांडायची ती मंडळी! शाई सांडायची, मुठी आपटायच्या. मला ते फार आवडायचं.

मग एके दिवशी वकील आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. कप्तान तोवर राष्ट्रप्रमुख झाला होता. त्याने सुताराला बोलावून घेतलं.

‘रिकामी जागा डोळ्यांत खुपते. टेबल जरा आखूड कर.’

सुताराने टोकाकडून हातभर कापलं, पाय आत बसवले, कड घासून गुळगुळीत केली.

‘वा!’ कप्तान म्हणाला. ‘इथे कुणी बसत होतं असं वाटतच नाही.’

कौतुकाने सुताराची छाती फुगली. काही दिवसांनी कवी यायचा थांबला आणि पुन्हा करवत चालली. बैठकीत सगळे गुपचूप पुढे सरकून बसले. फक्त ताईने विचारलं, ‘वकील कुठे आहेत? कवी कुठे आहे?’ कप्तान कागद चाळत राहिला.

खोली रिकामी झाल्यावर सुतार कळवळून म्हणाला, ‘ताई, जरा तोंड आवर गं. जिवावर बेतेल तुझ्या.’

‘आणि तू करवत आवर. कुणाची जागा कापतोयस, एवढं तरी विचारतोस का?’

‘माझं काम लाकडाशी.’

‘हो का? मग घाबरतोस कशाला?’

तो खाली वाकून लाकडाचा भुसा गोळा करू लागला.

पुढच्या खेपेला कप्तानाला घाई झाली. बैठक चालू असतानाच त्याने सुताराला आत बोलावलं. ‘आणखी हातभर.’ सुताराने करवत टेकवली, मान वर केली. एकही खुर्ची रिकामी नव्हती.

‘साहेब, सगळे तर बसलेत,’ तो म्हणाला. ‘कुणाची जागा कापू?’

प्रत्येकाने आपापले हात माझ्यावरून हळूच काढून घेतले. ताईचे तेवढे होते तिथेच राहिले. सुताराने करवत खाली ठेवली आणि तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला. तिच्या खुर्चीची पाठ त्याने घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी दोघंही दिसली नाहीत. नवा सुतार आला. तो काही विचारत नसे. एकच जागा उरेपर्यंत तो येत राहिला.

त्याचं काम उरकाउरकीचं, त्यामुळे माझी ही कड खरबरीत राहिली आहे. मुलांच्या हाताला टोचते म्हणून आता तिच्यावर रंधा मारायचं घाटतंय. मित्रांनो, तेवढं होऊ देऊ नका. माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण त्या कडेवरून हात फिरवा, आणि टोचलं की गाईडला मोठ्याने विचारा, ‘इथे आणखी कोण कोण बसायचं?’