काय दाबू?

घरखर्चाचा हिशोब ठेवायचा तो प्रोग्राम पोराने स्वतः लिहिला होता. ना कॉलेज, ना क्लास. व्हिडिओ बघत, पडत-धडपडत शिकलेला गडी. प्रोग्राम वापरणारा माणूस जगात एकच : दुसऱ्या शहरात एकटे राहणारे त्याचे वडील.

आणि त्यांचा रोज संध्याकाळी फोन.

"इंजिनिअर, तो चौकोन आलाय परत."

"आता काय केलंत?"

"लाइटबिलाचा आकडा बदलला, खालच्या ओळीवर गेलो. तर म्हणतोय, बदल जतन केला नाही. ठेवू, टाकून देऊ की मागे जाऊ? काय दाबू?"

"ठेवा, बाबा! काल हेच सांगितलं ना?"

"काल दुधाचा होता."

मग थोडा खोकला, स्वयंपाकघरातला गळका नळ, वरच्यांचा कुत्रा. एवढ्या गप्पा झाल्या की फोन बंद.

पोराच्या डोक्याला नुसता ताप. एका सुट्टीच्या दिवशी बसला आणि तो चौकोनच उपटून टाकला. आता आकडा बदलला की आपोआप जतन. चुकलंच तर एक बटण दाबलं की आधीचा आकडा परत. नवीन प्रोग्राम वडिलांना पाठवला आणि स्वतःवरच जाम खूश झाला.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्याही नाही. बरं झालं, म्हणाला.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र खोली खायला उठली. एक खुर्ची, एक पातेलं, भिंतीपलीकडे दुसऱ्यांचा टीव्ही. तो कुरियरच्या गोदामात खोकी स्कॅन करायचा. तिथे बोलायचं ते मशीन, तेही नुसतं 'टिक'. दिवसभरात त्याला हाक मारणारं माणूस एकच होतं. त्याचं तोंड यानेच बंद केलं होतं.

फोन उचलला, ठेवला. बोलायचं काय? उगाच फोन करायची पद्धत या दोघांत नव्हतीच. आई होती तोवर तीच इकडचं तिकडे पोचवायची.

शेवटी लावलाच.

"बाबा, नवीन प्रोग्राम कसा चाललाय?"

"झकास. काही विचारतच नाही."

पलीकडे नळ गळत असल्याचं ऐकू येत होतं.

"बाबा, तुम्हाला खरंच कळत नव्हतं का, काय दाबायचं ते?"

"अरे, जन्मभर डेपोत बसच्या वायरी जोडल्या मी. तीन बटणांतलं एक कळत नाही होय मला?" ते हसले, खोकले. "तुला कामं असतात. ठेवतो."

फोन बंद झाला. चौकोन परत बसवणं सोपं होतं, पण मग बाबांनी पुन्हा न कळल्याचं सोंग करायचं? ते काही त्याला पटेना.

त्याने जुना प्रोग्राम शोधून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा खर्च लिहायला घेतला. खोलीभाडं. साबण. साबणाचा आकडा बदलला, खालच्या ओळीवर गेला. चौकोन आला. फोन लावला.

"बाबा, तो चौकोन आलाय. काय दाबू?"



"कशाचा आकडा?"

"साबणाचा."

"मग राहू दे तसाच, पळून नाही जात," बाबा म्हणाले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आधी सांग, जेवलास का?"