गाडीला कावीळ झाली तेव्हा

आता आमच्या तारकर्लीत माडांखाली माणसांपेक्षा गाड्याच जास्त उभ्या असतात आणि कोणी कोणाच्या गाडीची विचारपूस करत नाही. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराला गावात दोनच डिझेल पिकअप होत्या. दोन्ही नव्याकोऱ्या, जपानी इंजिनाच्या. एक रविकांतची आणि एक आमची. त्यांची विचारपूस अगदी तान्ह्या पोरासारखी व्हायची. सकाळी रडली का, चढावर दम लागला का, काल काय पाजलंत.

पाजण्याचंच तर सगळं वेड होतं. पंपावर नुसतं डिझेल भरून गप्प बसणारा मालक मी त्या काळात पाहिला नाही. रविकांत म्हापशाच्या बाजारातून निळ्या पाण्याची बाटली आणायचा, टाकी भरली की त्यातलं बूचभर ओतायचा आणि चहाच्या दुकानात बसून गाडी लिटरला किती पळते ते सांगायचा. तो आकडा दर आठवड्याला वाढत असे. कुडाळचा एक दुकानदार कापराच्या वड्या टाकायचा. दोडामार्गच्या एका काजूवाल्याने म्हणे फेणी घातली होती. गाडी कशी चालली ते आम्हाला कळलं नाही, कारण सांगायला आला तेव्हा तो स्वतःच नीट चालत नव्हता.

आमच्या ह्यांनी, म्हणजे काशिनाथनी, खोबरेल तेल शोधून काढलं. घरचे माड, घरचं खोबरं, घाण्यावरून काढून आणलेलं पिवळसर वासाचं तेल.

"ज्या तेलान माझा डोक्या थंड ऱ्हवता, त्या तेलान इंजिनाचा ऱ्हवचा नाय?" असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर त्यांनी सुरुवात केली. टाकीत डिझेल, वर तांब्याभर तेल. गाडी छान चालली. ती रस्त्याने गेली की मागे नारळाच्या वड्या थापल्यासारखा वास यायचा आणि शाळेतली पोरं धुरात उभी राहून तो हुंगायची.

ही गाडी ह्यांनी होडीतला आपला वाटा विकून आणि बाकीचे पैसे हप्त्याने फेडायच्या बोलीवर घेतली होती. त्यामुळे घरात सगळ्यांच्या मनात एकच घोर होता. मच्छीमार सोसायटीचे मासे रोज सावंतवाडीच्या बाजारात न्यायचं काम एका गाडीला कायमचं मिळणार होतं. इतके दिवस ते रविकांतकडे अधूनमधून जायचं, आता सोसायटीला पक्का माणूस हवा होता. ते आम्हाला मिळालं तर गाडी राहणार. नाहीतर ह्यांच्याकडे ना होडी ना गाडी. चेअरमन भिकाजी म्हणाले होते की एक दिवस दोन्ही गाड्या भरून नेऊ, आणि मग बघू.

आणि नेमकी पौषात थंडी पडली आणि आमची गाडी खोकायला लागली.

खोकायची ती पहाटेच. हे बटण मारत राहायचे, गाडी घुरघुरायची, थोडी धावायची, गचके द्यायची, थांबायची. ऊन वर आलं की शहाण्यासारखी चालू. मालवणच्या मेस्त्रीकडे नेली. तो जेवून, सुपारी कातरून, दुपारी बाहेर आला. गाडी त्याच्यासमोर एका बटणात सुरू झाली. बंदरापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "गाडयेक कायएक झालेला नाय. तुमकाच झालाहा."

आमच्या सासूबाईंना सगळा गाव माई म्हणायचा. माई काविळीचं औषध द्यायच्या. पार वेंगुर्ल्याहून माणसं यायची. पैसे घ्यायच्या नाहीत, नारळ तेवढा घ्यायच्या. कुठली मुळी, कुठला पाला, ते कोणाला सांगायच्या नाहीत, मलासुद्धा नाही. पण खरं औषध पाल्यात नव्हतं, पथ्यात होतं, असं मला अजून वाटतं. माईंचं पथ्य म्हणजे आजाऱ्याची फाशीच. मासे बंद, तेल बंद.

एका पहाटे हे बटण मारून मारून थकले होते. माई तांब्या घेऊन अंगणात आल्या आणि गाडीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बॅटरी उतरत आली होती, त्यामुळे पुढचे दिवे मिणमिणत होते.

"कावेरी, हंय ये गो. डोळे बघ हिचे."

"माई, ते दिवे आसत."

"दिवेच सांगतंय. पिवळे पडलेत. आनि लेका, तू मेस्त्री धुंडीत फिरतंस?"

मला हसू आलं, पण ह्यांना आलं नाही. माणूस पुरता टेकीला आला होता. माईंनी त्याच दिवशी काळ्या दोऱ्यात मुळी बांधून आरशाला लटकवली आणि ह्यांना समोर बसवून सांगितलं, "मासे बंद, तेल बंद. दुखणा गाडयेचा, पण तिका तोंड नाय. तिका भरवता कोण? तू. मगे पथ्य तुज्यार."

ह्यांनी ते मान खाली घालून कबूल केलं. माशांवर जन्म काढलेला माणूस मासे सोडून बसला. बांगड्याच्या टोपल्या चढवताना दुसरीकडे तोंड करायचे. आमटीला फोडणी नाही, भाजीला तेल नाही, पापड निखाऱ्यावर भाजून. पोरांच्या ताटात तळलेली मांदेली पडली की हे ताट घेऊन पडवीत जायचे आणि भिंतीकडे तोंड करून पेज प्यायचे. टाकीत मात्र तांब्याभर तेल रोज दुपारी जातच होतं. आजारी गाडीला अशक्तपणा येऊ नये म्हणून थोडं जास्तच.

शेवटी भिकाजींचा निरोप आला, उद्या दोन्ही गाड्या भरायच्या.

पहाटे काळोखात निघालो. गाडी कशीबशी सुरू झाली. पुढे हे, मधे माई, कडेला भिकाजी. डॉक्टर म्हणून मी हवीच, असं सांगून माई आधीच चढून बसल्या होत्या. मी मागे टोपल्यांबरोबर, डोक्यावरून गोणपाट घेऊन. आमच्या मागे रविकांतची गाडी. मालवण गेलं, चौके गेलं, आणि धामापूरच्या चढावर, तळ्यावरून गार वारा येतो तिथे, गाडीने गचका दिला. आणखी दोन दिले. मग रस्त्याच्या मधोमध शांत झाली.

रविकांतला पुढे जायला वाट नव्हती. तो उतरून हात चोळत आला.

"मिया सांगी होतंय, म्हापशाची बाटली घाल म्हणान. भिकाजीनु, गाडीच खोटी आसा. ह्येंका काम दिल्यात तर मासे धामापुराच्या तळ्यात सोडूचे लागतले."

भिकाजी म्हणाले, "काशिनाथ, खरा काय ता सांग. गाडी खोटी आसा?"

हे स्टिअरिंगला धरून बसले होते. खाली उतरले आणि गाडीकडे पाठ करून उभे राहिले, जसं काही तिला ऐकू जाऊ नये.

"गाडी खोटी नाय. खोटो मी. काल राती तिसऱ्यो खाल्लंय."

मी मागून डोकं वर काढलं. कर्लीच्या खाडीतल्या ताज्या शिंपल्या, मी पोरांसाठी सुक्या केल्या होत्या आणि उरलेल्या झाकून ठेवल्या होत्या. निघायच्या आधी भांडं घासायला घेतलं तेव्हा ते आधीच चाटूनपुसून लख्ख होतं. मी मांजराला उगाच बोल लावला होता.

"कितक्यो?" माईंनी विचारलं.

"वाटीभर."

"कावेरी, तेलात परतलेल्यो?"

"होय माई."

"मगे दोन्ही पथ्यां मोडलंस. गाडी कशी चलतली?"

भिकाजी मान डोलवायला लागले. ते बघून रविकांत पुढे झाला. तो काही मूर्ख नव्हता.

"थांबा. तिसऱ्यो म्हणजे मासे खंयचे? खवला नायत, शेपटी नाय, पोवाक येना. मासेच न्हय, मगे पथ्य मोडला खंय? आनि तेलाचा म्हणशात, तर चार थेंबांनी कोण मरता? म्हणजे पथ्य बरोबर आसा, गाडीच खोटी."

आता बघा, काय पेच झाला. तिसऱ्या मासे ठरल्या तर दोष आमच्या ह्यांचा आणि गाडी निर्दोष. तिसऱ्या मासे नाही ठरल्या तर हे निर्दोष आणि गाडी गेली. म्हणून आमचे हे रस्त्यावर उभे राहून जीव तोडून सांगायला लागले की तिसऱ्या मासेच आहेत, मी पापी आहे. आणि रविकांत त्यांना निर्दोष ठरवण्यासाठी घसा कोरडा करत होता.

तेवढ्यात मागून सकाळची एसटी आली आणि अडकली. कंडक्टर उतरला, त्याच्या मागे पाशिंजर उतरले. काय झालं म्हणून विचारलं, आणि कळल्यावर कोणी परत गाडीत जाईना.

एक बाई म्हणाली, "सोमवारी खातास तिसऱ्यो?"

"सोमवारी आमच्या घरात येवक पण दिनत नाय," हे घाईघाईने म्हणाले.

"मगे मासेच."

"सोमवारी आमी कांदो पण खाईत नाय," मागून एक म्हातारा बोलला, "म्हणान कांदो मासो झालो?"

ह्यावर बराच गोंधळ झाला. कंडक्टरच्या मते तिसऱ्या मासेच, ड्रायव्हर विरुद्ध. शेवटी कोणीतरी एका मास्तरांना पुढे ढकललं. ते कुडाळच्या शाळेत शिकवत. त्यांनी चष्मा पुसला.

"शास्त्राप्रमाणे पाहिलं तर तिसरी हा मासा नव्हे. तो मृदुकाय प्राणी आहे. गोगलगायीचा भाऊबंद म्हणा."

गोगलगायीचं नाव ऐकून दोघीतिघी तोंडाला पदर लावून बाजूला गेल्या. रविकांत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आमच्या ह्यांचा चेहरा असा पडला की मला त्यांच्याकडे बघवेना. मी टोपल्यांवरचं बर्फ बघत बसले. ते पाणी होऊन फळीतून रस्त्यावर गळत होतं.

तेव्हा माई खाली उतरल्या.

"मास्तर, तुमच्या घराक तिसऱ्यो रांधतत?"

"रांधतात की."

"खंयच्या भांड्यात?"

"माशांच्याच."

"भाजयेच्या भांड्यात रांधून बघलात कधी?"

मास्तर घाबरले. "छे हो. बायको उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही."

"झाला तर," माई म्हणाल्या.

आणि खरंच झालं. विरुद्ध असलेला ड्रायव्हरसुद्धा तिसऱ्या मासेच म्हणायला लागला. मास्तरांनीही मान डोलावली. गुन्हा शाबित झाल्यावर इतका आनंदलेला माणूस मी पुन्हा कधी पाहिला नाही. ह्यांचे डोळे पाणावले होते.

"आता कान धर आनि माफी माग तिची," माईंनी फर्मावलं.

ह्यांनी सगळ्या एसटीसमोर बॉनेटपुढे उभं राहून कान धरले. एव्हाना ऊन झाडांवरून उतरून गाडीच्या टपावर, टाकीवर, सगळीकडे पसरलं होतं. आमच्या पाठी तापायला लागल्या होत्या. हे आत बसले, बटण मारलं, आणि गाडी जराही न कुरकुरता सुरू झाली. पाशिंजरांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टरने डबल बेल दिली, ती आमच्याच गाडीला.

सावंतवाडीला मासे उतरवून झाल्यावर भिकाजींनी काम आमच्या गाडीला दिलं. रविकांतने विचारलं, "भिकाजीनु, माझी गाडी खंय बंद पडली काय?"

"नाय पडली. पण तुज्यो टोपल्यो वाटेत हलक्यो होतत, ता माका ठावक आसा. ह्या माणसाच्या पोटात वाटीभर तिसऱ्यो ऱ्हवाक नाय. ह्यो पापलेट खंय लपयतलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस विंचरायला बसले. खिडकीतली तेलाची बाटली उलटी केली तर एक थेंब पडेना. थंडीत खोबरेल थिजतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. बाटली उन्हात ठेवायची, घटकाभराने तेल पातळ होतं. मी बाटली घेऊन अंगणात आले, ती ठेवायला गाडीजवळ वाकले, आणि तिथे ह्यांचा तेलाचा डबा उघडा होता. आत पांढरं घट्ट लोणी. त्यात चमचा उभा राहिला असता.

मी हाक मारली. "अवो, ह्या तुमी तिच्या पोटात घालतास?"

हे डब्याकडे बघत राहिले, मग टाकीकडे, मग माझ्या बाटलीकडे.

माई पडवीतून बघत होत्या. त्यांना काही नवल वाटलं नाही.

"पयल्याच दिवशी सांगितलंय, तेल बंद म्हणान. ह्यो मेलो आमटीतला बंद करून बसलो."

त्या दिवसापासून टाकीतलं तेल बंद झालं आणि ताटातलं सुरू. गाडी पुढे पुष्कळ वर्षं नुसत्या डिझेलवर चालली. भिकाजींना मी तेलाचं सगळं समजावून सांगितलं, पण ते ऐकेनात. त्यांचा विश्वास तिसऱ्यांवरच. रोज संध्याकाळी टोपल्या मोजता मोजता ते ह्यांना विचारायचे, "आज काय जेवलंस?"

शिमग्याच्या आधी रविकांत नारळ घेऊन माईंकडे आला. गाडी लिटरला पूर्वीएवढी पळत नाही म्हणाला. माईंनी त्याच्या गाडीचे डोळे तपासले, आरशाला मुळी बांधली आणि सांगितलं, "निळा पाणी बंद, मासे बंद."

त्याने निळं पाणी चालू ठेवलं आणि मासे सोडले. त्याची बायको यशोदा, जिच्या वाट्याला इतकी वर्षं नुसती शेपटी यायची, ती त्याच्यासमोर बसून रोज तळलेली सुरमई खायची. एकदा ती माझ्याकडे विहिरीवर आली आणि हळूच म्हणाली, "कावेरी, माईंक विचार गो. ह्या पथ्य पावसापर्यंत वाढयता येयत काय?"