जुन्या फॉन्टमधला कोश

मेघनाने वेळापत्रकातल्या ‘दीपप्रज्वलन’ या शब्दाखाली इतक्या जोरात रेघ मारली की कागद फाटला. समोर कुणाचं लक्षच नव्हतं. जुने मजकूर संगणकात टिकतील असे कसे भरावेत, हे प्राचीन भाषांच्या अभ्यासकांना शिकवणारी प्राथमिक कार्यशाळा ठरवायला कल्याणच्या कॉलेजात ही मंडळी जमली होती आणि अख्खी दुपार कार्यशाळेच्या नावावर गेली होती. ‘एन्कोडिंग’ला संस्कृतच्या कल्पिता मॅडमना ‘संकेतन’ हवं होतं, अर्धमागधीच्या सुदेश सरांना ‘संकेतांकन’. ईमेल पाठवल्यावर फोन करून ‘ईमेल पाठवलाय’ असं सांगणारी ही माणसं! त्यांना काय शिकवायचं, कपाळ?

“प्रात्यक्षिक शेवटी ठेव गं,” जाधव सर म्हणाले. पालीचे जाधव सर म्हणजे मेघनाचे पीएचडीचे गाइड. “टायपिस्टचं काम ते. आधी भाषणं होऊ देत.”

मेघना याचीच वाट बघत होती. नमुन्यासाठी सरांनीच आपल्या पाली कोशाच्या नव्या आवृत्तीची फाइल दिली होती. कल्याणजवळच्या मोहन्यातल्या एका दुकानात टाइप करून घेतलेली. दुकान बंद झालं, त्याबरोबर तो जुना फॉन्टही गेला. आता फाइल उघडली की अक्षरांच्या जागी नुसता कचरा दिसे. एका बटणात त्याचं स्वच्छ देवनागरी करणारा प्रोग्रॅम मेघनाकडे तयार होता, पण आधी चारचौघांत हा कचरा दिसायला हवा होता. टायपिस्टचं काम म्हणे!

“हा नमुना,” म्हणत तिने फाइल पडद्यावर लावली.

सुदेश सर खो खो हसले. “अहो जाधव, ही पाली की चायनीज?”

जाधव सर उठून पडद्याजवळ गेले आणि त्यांनी एका खुणेवर बोट ठेवलं.

“हा काना. हा अनुस्वार. आणि हे जोडाक्षर, याने फार छळलं.” मग अडखळत, पण न चुकता, त्यांनी पहिली ओळ वाचली.

“सर, तुम्हाला हे वाचता येतं?”

“गणपतीपासून बसलोय. शिलालेखासारखंच. एकेक खूण जुळवायची, हाताने उतरवायचं.” ते ओशाळून हसले. “कुणाला विचारणार? तुम्ही मुलं हसता.”

“कुठवर आलात?”

“‘ध’पर्यंत. डोळे टिकले तर होईल.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “याला काही उपाय असतो का गं?”

मेघनाचं बोट बटणावरच होतं. सुदेश सर पुढच्या हशाच्या तयारीत खुर्चीत पुढे सरकले होते. हाच क्षण तिने मनात कितीदा घोळवला होता, आणि आता तिला स्वतःचीच किळस आली.

तिने प्रोजेक्टरची वायर उपटली.

“लाइट गेली का?” कल्पिता मॅडमनी विचारलं.

“वायर सैल आहे, मॅडम. तोवर तुम्ही दोघं चहा घेऊन या ना.”

दोघं ‘संकेतन’वरून भांडतच बाहेर पडले. मेघनाने लॅपटॉप सरांकडे वळवला आणि बटण दाबलं.

“‘ध’च्या पुढे बघा, सर,” ती हळूच म्हणाली.